एकतीस बायकांचे दोन हात

खोटं बोलायचं तर ते तोंडी बोलावं, हे कळायला मला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष उजाडावं लागलं. तोंडी खोटं हवेत विरून जातं. माझं खोटं भिंगरीनं जाड पुठ्ठ्यावर छापून घेतलं, चारी बाजूंनी नीट कापलं आणि गॅलरीच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलं.

भिंगरी माझी नात, थोरल्याची मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता सव्वीस वर्षांची आहे आणि त्या गॅलरीत नोकरीला लागून तिला दोन वर्षं झालीत. गॅलरीनं यंदाचा सगळा हंगाम फोटोंना दिला होता. चार प्रदर्शनं आणि विषय एकच, आठवण आणि ओळख. पहिल्यात कुणी घरं सोडून गेलेल्यांच्या रिकाम्या खोल्या टिपल्या होत्या. भिंतीवर कपाटाचा डाग, खिळ्याचं भोक. मी म्हटलं, हे तर आमचा जुना घरमालकही दाखवायचा. दुसऱ्यात एका माणसानं अकरा वर्षं रोज सकाळी स्वतःचाच फोटो काढला होता. एवढं स्वतःकडे बघून हा कंटाळला कसा नाही, असं मी भिंगरीला विचारलं, तर तो माझ्या पाठीशीच उभा. हसला बिचारा. तिसरं प्रदर्शन आमचं होतं, आमच्या स्टुडिओचं. भिंगरीनं स्वतः मांडलेलं पहिलंच. आणि त्यासाठी माळ्यावरच्या सात पेट्या खाली काढताना तिच्या हाती जोडफोटो लागले.

जोडफोटो हे आमचं खास काम. माणूस गेलं की घरच्यांच्या लक्षात येतं, अरे, हिचा एक धड फोटो नाही. मग ते काहीतरी घेऊन यायचे. ओळखपत्रावरचा, नाहीतर कुठल्याशा घोळक्यातला, शेंगदाण्याएवढं तोंड असलेला. त्यांना हवा असायचा मोठा, खुर्चीत बसलेला, भिंतीवर शोभेल असा. आम्ही ते तोंड मोठं करायचो आणि आमच्याकडच्या देहावर बसवायचो. मी पात्यानं कापायची, डिंकानं चिकटवायची, मानेचा जोड करड्या रंगानं बुजवायची, मग हे त्याचा पुन्हा फोटो काढायचे. हे म्हणजे माझे यजमान. कॅमेरा त्यांचा, पण माणूस बघण्यालायक व्हायचा तो माझ्या पेन्सिलीनं. फिल्मवर टोकदार पेन्सिल फिरवून मी देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळजी, सगळं घालवायची. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पण निगेटिव्ह वाचायला माझ्याइतकं कुणी शिकलं नव्हतं. काळं ते गोरं आणि गोरं ते काळं, मला सरळच दिसायचं.

गेलेल्या बायांसाठी देह लागायचा तो धाकटीचा. धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्नानंतर तीन वर्षांत माझा दीर गेला आणि ती लहान मुलीला घेऊन आमच्यातच राहिली. शिवणकाम करायची आणि लागेल तेव्हा खुर्चीत बसायची. अंगावर काळी शाल, मांडीवर हात, उजव्यावर डावा. मी का बसत नसे? कारण मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर उभी असायची, पांढरी चादर ताणून उजेड तिच्यावर परतवत.

एकतीस बायका झाल्या अशा. एकतीस तोंडं, देह एक. भिंगरीला ते कळलं तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना. सगळ्या हातांची डावी करंगळी आकड्यासारखी बाहेर वाकलेली. तिनं मला विचारलं, आजी, ही कोण? मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, होती एक कामाला. मग कुठे गेली? काय माहीत, गेली असेल कुठे तरी.

तेच तिनं छापलं. *सर्व छायाचित्रांतील देह एकाच स्त्रीचा आहे. ती स्टुडिओत कामाला होती. पुढे ती कुठे गेली, हे कुटुंबाला माहीत नाही.*

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी पाचला होतं. त्या सकाळी गॅलरीत काय झालं ते मला भिंगरीनं नंतर सांगितलं. तिला सांगताना पाल्हाळ लावायची सवय आहे, मी थोडक्यात सांगते.

अकराच्या सुमाराला ती शिडीवर चढून दिवे वळवत होती. दार बंद होतं, तरी दोन बायका आत आल्या. पुढची पन्नाशीची, ताठ, हातात गॅलरीची निमंत्रणपत्रिका. मागे एक म्हातारी, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. भिंगरी म्हणाली, प्रदर्शन पाचला आहे. पन्नाशीची म्हणाली, "माहीत आहे. आम्हाला गर्दी नको म्हणून आत्ता आलो."

ती माझी पुतणी. मोठ्या हॉस्पिटलात मुख्य नर्स आहे, आम्ही तिला लहानपणापासून मेट्रन म्हणतो, कारण पाच वर्षांची असल्यापासून ती घराला शिस्त लावत आली आहे. हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरच्या टेबलावर ती पत्रिका पडली होती. पत्रिकेवर चेहरा नव्हताच, नुसते मांडीवरचे हात. त्या वाकड्या करंगळीनं तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या. ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार.

भिंगरीनं दोघींना याआधी एकदाच पाहिलं होतं, तिचे आजोबा गेले तेव्हा. तिनं चटकन ओळखलं नाही. ती शिडीवरून उतरेपर्यंत धाकटी भिंतीशी पोहोचली होती. एकेका फोटोपुढे थांबत होती. एकीपुढे म्हणाली, हिच्या वेळेला मला ताप होता. पुढे म्हणाली, ही शाल इथं उसवली होती, बघ, दुमडून बसले आहे. आणखी पुढे एका फार देखण्या बाईपुढे उभी राहून म्हणाली, हिचा नवरा फोटो न्यायला आला तेव्हा रडला, आणि मला खुर्चीत बघून पुन्हा रडला. अर्धा तास लागला तिला एकतिसाव्यापर्यंत यायला. भिंगरी म्हणते, मला वाटलं कुणी जाणकार आहेत.

मग धाकटीनं पिशवीतून चष्मा काढला आणि पुठ्ठा वाचला. सावकाश वाचला. वाचून झाल्यावर डावा हात उचलून शेजारच्या फोटोपाशी नेला आणि तसाच धरला. भिंगरीचे डोळे हातावरून फोटोकडे आणि फोटोवरून हाताकडे गेले.

"कुठे गेली माहीत नाही म्हणे," धाकटी म्हणाली. "बसच्या चार थांब्यांवर राहते गं मी."

भिंगरीच्या हातातला दिवा खाली पडला. फुटला नाही, पण तिला अजूनही तो दिवाच जास्त आठवतो.

मेट्रननं आवाज चढवला नाही. नर्सेस चढवत नाहीत. तिनं एवढंच सांगितलं की पाचपर्यंत हा पुठ्ठा तरी उतरेल नाहीतर हे फोटो तरी. नाहीतर ती दाराशी उभी राहील आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या आईचा हात दाखवेल. भिंगरीला रडू यायला लागलं होतं. दोन वर्षं फायली उचलल्यावर मिळालेलं पहिलं काम, आणि त्याचा पायाच खोटा निघाला. त्यातही तिला जास्त लागलं ते हे, की खोटं तिच्या सहीनं लिहिलं गेलं होतं. तिनं फोन केला तो मला नाही, बापाला.

थोरला दुकानात होता. स्टुडिओच्या जागेत आता तो झेरॉक्स काढतो आणि ओळखपत्रांचे फोटो, पाच मिनिटांत आठ नग. त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं, घरी येऊन मला गाडीत बसवलं आणि वाटेत सगळं सांगितलं. मी म्हटलं, एका पुठ्ठ्यासाठी एवढं? फाडा आणि दुसरा लावा. त्यानं गिअर बदलला. माझा मुलगा गप्प बसला की बापासारखा दिसतो, आणि मला ते आवडत नाही.

गॅलरीत मला त्यानं बाहेरच्या खुर्चीत बसवलं आणि आधी आपण आत गेला. तो माझ्या बाजूनं भांडायला गेला होता, हे मला ठाऊक आहे, कारण जाताना त्यानं शर्ट खोचला. मेट्रनशी त्याचं बोलणं बोळात झालं. माझे कान अजून शाबूत आहेत.

तो म्हणाला, हे बाबांचं काम आहे, लोक बाबांना बघायला येणार आहेत, आजच्या दिवशी तमाशा नको. ती म्हणाली, तमाशा कुणी मांडलाय दादा? भिंतीवर कोण आहे? मग तिनं विचारलं, "तू वाचलास तो पुठ्ठा?"

"वाचला."

"कधी?"

"छापायच्या आधी. भिंगरीनं दाखवला होता."

"आणि तुला माहीत नव्हतं ते हात कुणाचे? तू तापात असायचास तेव्हा कपाळावर कुणाचे असायचे?"

थोरला म्हणाला, आईनं सांगितलं तसं लिहिलं. पंचावन्न वर्षांचा माणूस हे म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकवलं नसावं. मग मेट्रन खालच्या आवाजात बोलायला लागली, तशी मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

ती म्हणत होती, पुठ्ठ्याचं सोड. माझ्या आईचा तरुणपणचा एक फोटो नाही माझ्याकडे. फोटोवाल्यांच्या घरात राहून एक नाही. लग्नात काकांनी कॅमेरा लावला, सगळ्यांना हसवलं, आणि आत फिल्म घालायचीच विसरले. पुढे जे काढले त्या सगळ्यांतलं आईचं तोंड काकूनं खरवडून टाकलं. माझी मुलगी विचारते, मी कुणावर गेले? मी काय दाखवू तिला, करंगळी?

थोरला बाहेर आला. शर्ट पुन्हा सुटला होता. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आई, काकू आत बसली आहे. जा आणि बोल तिच्याशी. मी तुझ्या बाजूनं येणार नाही."

"मी कुणाला बोलावलंय?" असं म्हणून मी उठले. पण काठी जरा जोरातच आपटली.

आता ती खरवडण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण घरातल्या मोठ्यांना ती ठाऊक आहे आणि सगळ्यांना चुकीची ठाऊक आहे.

धाकटी पहिल्यांदा खुर्चीत बसली त्या दिवशी ह्यांनी फिल्म धुतली, उजेडात धरली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, हिच्या चेहऱ्याला पेन्सिल लागायची नाही. झालं, एवढंच म्हणाले. वाईट मनात काही नव्हतं त्यांच्या. कारागीर माणूस, चांगला माल बघितला आणि बोलला. पण मी वीस वर्षं जगाच्या चेहऱ्यांना पेन्सिल लावत बसणार होते आणि माझ्या स्वतःच्या चेहऱ्याला किती लागेल ते मला आरशात रोज दिसत होतं. मी ती फिल्म काचेवर ठेवून बघितली. धाकटी हसत होती. दात दिसतील असं. कॅमेऱ्यामागे कोण होतं? हे. मग कुणाकडे बघून हसली?

देहाच्या फिल्मवरचं तोंड तसंही झाकावंच लागायचं, जोड स्वच्छ यायला. त्यासाठी लाल रंग मिळायचा, घट्ट, त्यातून उजेड जात नाही. मी तो लावला. एकदा नाही, एकतीस वेळा. आणि प्रत्येक वेळी लावायच्या आधी बघितलं, तर ती हसतच होती.

बऱ्याच वर्षांनी एकदा ती माझ्याकडे आली. मेट्रन शाळेतून काहीतरी लिहून घेऊन आली होती, आईचा फोटो चिकटवा म्हणून. धाकटी म्हणाली, ताई, त्यातला एखादा तोंडासकट काढून द्याल का? मी म्हटलं, तोंडं सगळी पात्यानं खरवडली. ती हो म्हणाली. महिन्याभरात शिलाई मशीन हातगाडीवर घालून मुलीसह दुसरीकडे राहायला गेली. भांडण नाही, शब्द नाही. लोकांनी कारणं आपापली जोडली, आणि मीही जोडू दिली.

गॅलरीच्या मागच्या खोलीत मोठं टेबल आहे, त्याच्या काचेखालून उजेड येतो. त्यावर भिंगरीनं एकतीसच्या एकतीस फिल्म मांडल्या होत्या, लाल तोंडांच्या, संध्याकाळी तसंच टेबल दालनात न्यायचं म्हणून. गॅलरीची मालकीण त्या लाल ठिपक्यांवर फार खूश होती. म्हणायची, सगळ्या प्रदर्शनाचा गाभा आहे हा. ती पण तिथेच होती, आणि भिंगरी भिंतीला टेकून. माझ्याकडे बघत नव्हती.

धाकटी टेबलाशी बसली होती. मी समोर बसले. पस्तीसेक वर्षांनी समोरासमोर बसून काय बोलायचं असतं?

"जाड झालीस," मी म्हटलं.

"तुम्ही वाळलात."

"दात नवे वाटतं."

"वरचे नवे. खालचे माझेच." मग ती म्हणाली, "ताई, कामाला होते मी?"

मी म्हटलं, पुठ्ठा बदलून टाकू. ती म्हणाली, पुठ्ठा बदलाल हो, मी विचारते ते निराळं आहे. परक्या माणसानं लिहिलं असतं तर हसून सोडलं असतं. तुम्ही लिहिलंत. माझ्या हातावर एकतीस घरं रडली, आणि तुम्ही मला कुणीच नाही करून टाकलंत. का?

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. म्हातारपण, विसरले, मुलीनं घाईत विचारलं. या वयाला ही एक सोय असते, विसरले म्हटलं की सगळे गप्प बसतात. पण भिंगरीनं त्याच वेळी भिंतीला टेकूनच माझ्याकडे बघितलं, आणि तिला मी काय उत्तर देणार हे आधीच माहीत आहे अशा चेहऱ्यानं बघितलं. पोर खरं ऐकायची आशा सोडून बसली होती. ते मला चाललं नाही.

मी म्हटलं, "तोंडं खरवडलेली नाहीत."

कुणाला काही कळलं नाही. मी काठीनं टेबलाकडे दाखवलं. हा लाल रंग वरून लावलेला आहे, मागच्या गुळगुळीत बाजूनं. ओल्या कापसानं जातो.

"पाण्यानं?" मेट्रन दारात उभी होती.

"पाण्यानं."

"तेव्हाही गेला असता?"

"तेव्हाही."

तिच्या तोंडून निघालं असतं ते मी ऐकून घेतलं असतं, पण ती मनानं चांगली पोर आहे. खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसली. थोरला तिच्या मागे उभा राहिला. त्या खोलीत माझ्या बाजूला फक्त माझी काठी उरली.

मग मी सगळं सांगितलं. हे काय म्हणाले ते, आणि मी फिल्मवर काय बघितलं ते. एकतीस वेळा हसलीस तू त्यांच्याकडे बघून, मी म्हटलं, मला दिसत होतं. एकतीस वेळा मी झाकलं. खोटं का बोलले विचारतेस, तर त्या फिल्म धुतल्या की ते हसू पुन्हा वर येणार होतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. आजही नाही.

धाकटी ऐकत होती. चेहरा कोरा. मग म्हणाली, "कापूस आणा."

मालकीणबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, आजी, रंग काढला तर या वस्तूंचं मूळ रूप जाईल, आधी तज्ज्ञांना विचारू. मी म्हटलं, बाई, रंग मी लावलाय, पुसणारही मीच, दुसरा तज्ज्ञ कुठून आणणार? भिंगरी भिंतीपासून हलली आणि वाटीभर पाणी घेऊन आली. कापूस मेट्रनच्या पर्समध्ये होता. तिच्या पर्समध्ये आख्खा दवाखाना असतो.

पहिली फिल्म मी उलटी केली. कापूस पिळून हलकेच फिरवला. आधी गुलाबी पाणी सुटलं. मग केस दिसायला लागले, पांढरे, कारण निगेटिव्ह. मग काळं कपाळ, काळे गाल. बाकीच्यांना भुतासारखं दिसत असणार. मला सत्तावीस वर्षांची धाकटी दिसली, दात दिसतील अशी हसणारी.

"हसतेच आहेस," मी म्हटलं.

"हसतेच आहे. पण तोंड काय बघता, डोळे बघा. तुम्हाला निगेटिव्ह वाचता येतं ना?"

भिंगरीनं भिंग दिलं. मी वाकले. फिल्म सुलट केली, पुन्हा बघितलं.

कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघणाऱ्या माणसाची नजर सरळ येते, कुठूनही बघा, आपल्याकडेच येते. ही येत नव्हती. ती वर जात होती, आणि एका बाजूला. कॅमेऱ्याच्या डावीकडे, माणसाच्या उंचीच्याही हातभर वर. तिथे हे कधीच नव्हते. हे काळ्या कापडाखाली डोकं घालून मधोमध असायचे. तिथे स्टूल होतं.

"तुमच्या नाकाला पेन्सिलीची काळी भुकटी असायची," धाकटी म्हणाली. "रोज. शेंड्यावर. तुमच्या ह्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांना दिसलंच नसेल. आणि त्या नाकानं तुम्ही चादर धरून अशा उभ्या, जसं काही सूर्य तुम्हीच वर काढलाय. मला सक्त ताकीद, हलायचं नाही. मी काय करणार? देहापुरती बसले होते, तोंड कुठे लागणार होतं कुणाला. हसून घ्यायची."

"मला सांगायचं."

"मग दुसऱ्या दिवशी बघायला काय राहिलं असतं? त्या घरात हसायला मला तेवढंच होतं, ताई."

मी दुसरी फिल्म ओढली. पुसली. नजर वर, डावीकडे. तिसरी. चौथी. पाचव्या वेळी भिंगरीनं वाटीतलं पाणी बदललं. वीस वर्षं मी चेहऱ्यांवरचे खड्डे बघितले, सुरकुत्या बघितल्या, मानेचा जोड बघितला. नजर कुठे जाते हे बघायचं माझ्या कामातच नव्हतं. तिथे पेन्सिल चालत नाही, म्हणून मी तिथे बघितलंच नाही. दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर मी त्याला स्टुडिओतून हाकलून दिलं असतं.

मेट्रन फिल्मवर वाकली होती. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. भिंगरीनं फोनवर त्या फिल्मचा फोटो काढला, काहीतरी दाबलं, काळ्याचं गोरं केलं आणि फोन तिच्या हातात दिला. मेट्रननं तो बघितला आणि बराच वेळ परत दिला नाही. मग थोरल्याकडे वळून म्हणाली, दादा, ही तर माझी मुलगीच आहे. थोरला हो म्हणाला आणि खिडकीचा पडदा नीट करायला गेला. तो नीटच होता.

अकरा फिल्म पुसून झाल्या तेव्हा चार वाजून गेले होते. उरलेल्या वीस तशाच ठेवा, धाकटी म्हणाली, लोकांना कळू दे तुम्ही काय उद्योग करत होतात. मालकीणबाईंना ते फार पटलं. म्हणाल्या, हे तर पहिल्यापेक्षा चांगलं झालं. काहीही झालं की त्यांना चांगलंच वाटतं.

पुठ्ठा राहिला होता. छापायला वेळ नव्हता, तेव्हा भिंगरी म्हणाली, मी हातानं लिहिते, तू सांग. मी म्हटलं, तू नको, मागच्या वेळी तूच लिहिलंस. पेटीतली माझी जुनी पेन्सिल तिनं काचेच्या खोक्यात मांडली होती, ती मी काढायला लावली. सँडपेपरवर टोक घासलं, पूर्वी घासायचे तसं, सुईसारखं होईपर्यंत. चौथी पास अक्षर, वाकडंतिकडं, पण मोठं.

*खुर्चीत बसलेली माझी धाकटी जाऊ आहे. ती कामाला नव्हती. तोंड मी झाकलं होतं, ते माझ्याच अंगाशी आलं. ती चार थांब्यांवर राहते.*

भिंगरीनं वाचलं. म्हणाली, शेवटचं वाक्य कशाला? मी म्हटलं, राहू दे. तिनं पुठ्ठा लावला, मग माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून क्षणभर उभी राहिली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पुढे महिनाभर माझ्याकडून काही ऐकलं की दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घ्यायची, आणि करावीच.

पाचला दार उघडलं. आम्हा दोघींना त्यांनी दाराशीच खुर्च्या दिल्या होत्या, जुन्या घरच्या दोन बायका म्हणून. लोक चांगल्या कपड्यांत आले. आम्हाला नमस्कार करून भिंतीकडे गेले. एक तरुण जोडपं पुठ्ठ्यापुढे थांबलं, मग त्यांनी वळून धाकटीच्या हातांकडे बघितलं. तिनं ते पदराखाली घेतले नाहीत. उजव्यावर डावा, मांडीवर, एकतीस वेळा ठेवले होते तसेच ठेवून बसली होती.

मी ताठ बसून येणाऱ्या प्रत्येकाकडे मान हलवत होते. शेवटी प्रदर्शन आमचं होतं. मालकीणबाई भाषणाला उभ्या राहिल्या, आठवण म्हणजे काय आणि ओळख म्हणजे काय ते सांगायला लागल्या, आणि मला शेजारी खुर्ची हलल्यासारखी वाटली. बघितलं तर धाकटी माझ्याकडे तोंड करून बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि तिचे खांदे हलत होते. मेट्रननं मागून विचारलं, आई, काय झालं? ती काही सांगेना. वरचे नवे दात आणि खालचे जुने, सगळे दिसायला लागले.

मी हात वर नेला आणि नाकाच्या शेंड्यावरून बोट फिरवलं. काळं झालं.